मी सडपातळ, शाकाहारी. मग कोलेस्टेरॉल कसे वाढले?

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या ४७ वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. शाळेत झालेल्या आरोग्य तपासणी शिबिरात त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २५२, एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) १७२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८० आले. रक्तदाब १२८/८२ होता आणि उपाशीपोटीची साखर १०४ होती. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातील एक गोळी लिहून दिली, पण ती चिठ्ठी गेले तीन आठवडे पर्समध्येच आहे. त्या लिहितात, “मी सडपातळ आहे, अंडेसुद्धा खात नाही, रोज अर्धा तास चालते. मग हे माझ्याच वाट्याला का आले? एकदा गोळी सुरू केली की ती आयुष्यभर सुटत नाही आणि यकृत खराब होते, असे सगळे सांगतात. तीन महिने पथ्य करून पाहावे असे मला वाटते. ते चूक ठरेल का?” त्यांचे वडील ५४व्या वर्षी झोपेतच गेले. मोठ्या भावाची ४९व्या वर्षी बायपास शस्त्रक्रिया झाली. पाय दुखतात म्हणून भावाने सहा महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या असून आता तो आले, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर यांचा काढा घेतो, “आणि अगदी ठणठणीत आहे.” त्यांची मुलगी पुण्यात महाविद्यालयात शिकते.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न तुमच्या गोळीविषयी आहे आणि त्याचे सविस्तर उत्तर मी देणार आहे. पण तुमच्या पत्रातले सर्वांत काळजीचे वाक्य तुमच्याविषयी नाही. तुम्ही ते ओघात, जवळजवळ स्वतःला दिलासा देण्यासाठी लिहिले आहे. दादांनी गोळ्या बंद केल्या आहेत, हे ते वाक्य. म्हणून आधी त्यांच्याविषयी बोलू.

बायपासमध्ये अडलेल्या धमनीला वळसा घालणारी नवी वाट शल्यचिकित्सक तयार करतात. अडथळा ज्या कारणाने झाला, ते कारण मात्र रक्तात तसेच राहते आणि नव्याने जोडलेल्या वाहिन्यांमध्ये, विशेषतः पायातून घेतलेल्या शिरांमध्ये, पुन्हा थर साचू लागतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरची गोळी हा उपचाराचा उरलेला अर्धा भाग असतो. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर स्कँडिनेव्हियात झालेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांच्या काळात स्टॅटिन घेणाऱ्या गटातील मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी कमी होते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दादांसारख्या रुग्णाचे एलडीएल ५५ मिलिग्रॅमच्या खाली असावे. काढ्याने ते तिथे येणार नाही. दादांना ठणठणीत वाटते हे खरे असेलच, पण कोलेस्टेरॉल दुखत नाही. ज्या दिवशी ते जाणवते, त्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

पायदुखी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र तिचे कारण शोधायलाच हवे, कारण ते एकापेक्षा अधिक असू शकते. चालताना पोटऱ्या दुखत असतील आणि थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे ओसरत असेल, तर पायांच्या धमन्याच अरुंद झालेल्या असण्याची शक्यता असते. तसे असेल तर ज्या दुखण्यामुळे गोळी बंद केली, तेच दुखणे गोळी चालू ठेवण्याचे कारण ठरते. स्टॅटिनमुळे काही जणांचे स्नायू खरोखर दुखतात, पण आपल्याला वाटते त्यापेक्षा हे प्रमाण बरेच कमी आहे. लंडनमध्ये अशाच तक्रारींमुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभर वेगवेगळ्या बाटल्या देण्यात आल्या. काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली, असा तो क्रम होता. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदवला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही नोंदवला गेला. स्वतःच्या नोंदी पाहिल्यानंतर त्यांपैकी निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. दुखण्याची अपेक्षासुद्धा दुखणे निर्माण करते, हे त्यातून दिसले आणि त्यात त्या रुग्णांचा काही दोष नाही. दादांचा त्रास उरलेल्या दहा टक्क्यांतला निघाला, तरी स्नायूंना इजा झाली आहे का हे दाखवणारी सीके ही रक्ततपासणी करता येते, स्टॅटिनचा प्रकार बदलता येतो, मात्रा कमी करता येते, एझेटिमाइबसारखी वेगळ्या प्रकारे काम करणारी गोळी जोडता येते आणि गरज पडल्यास इंजेक्शनेही आहेत. यांपैकी एक इंजेक्शन, इन्क्लिसिरान, सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावे लागते, पण ते महाग आहे. फक्त एक अपवाद लक्षात ठेवावा. स्नायूंचे तीव्र दुखणे, खूप अशक्तपणा आणि गडद तपकिरी लघवी असे एकत्र दिसले, तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

दादांनी “गोळ्या” बंद केल्या असे तुम्ही अनेकवचनात लिहिले आहे. त्यांत रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळीही असेल, तर या आठवड्यातच त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. तुमच्या स्वतःच्या चिठ्ठीचा निर्णय आठ दिवसांनी झाला तरी चालेल.

आता काढ्याविषयी. तो करण्यामागे घरच्यांची माया आहे आणि तिचा अवमान होऊ नये. पण “नळीतला कचरा धुऊन निघतो” ही जी कल्पना त्यामागे आहे, ती शरीराला लागू पडत नाही. एलडीएलचे कण धमनीच्या पोकळीत गाळासारखे बसत नाहीत. ते तिच्या अस्तराखाली, भिंतीच्या आत शिरतात. तिथे त्यांना गिळून टाकण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात, त्या फुगतात, सूज येते आणि वर्षानुवर्षे भिंतीच्या आतच एक मऊ गाठ वाढत जाते. एखाद्या दिवशी त्या गाठीचे पातळ आवरण फाटते, त्यावर काही मिनिटांत रक्त गोठते आणि वाहिनी बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका. पोटात गेलेला कुठलाही आंबट रस भिंतीच्या आत पोहोचून ती गाठ विरघळवत नाही. लसणाने कोलेस्टेरॉल किंचित उतरते, स्वयंपाकात तो जरूर असावा. पण गोळीच्या जागी काढा घेतला, तर दादा संरक्षणाशिवाय राहतात.

आता तुमचा प्रश्न. “माझ्याच वाट्याला का?” या शब्दांच्या मागे एक समजूत आहे आणि ती मला रोज बाह्यरुग्ण विभागात भेटते. कोलेस्टेरॉल म्हणजे आपल्या वागण्याचा निकाल, जो तळकट आणि मांसाहारी खातो, जो स्थूल असतो, त्याचेच ते वाढते, अशी ती समजूत. मग नेमाने वागणाऱ्या माणसाला तो आकडा अपमानासारखा लागतो आणि गोळी शिक्षेसारखी वाटते. वस्तुस्थिती अशी की शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल आपले शरीरच, मुख्यतः यकृत, तयार करते. ते रक्तात किती साचते हे बरेचसे यकृताच्या पेशींवरील ग्राहकांवर (रिसेप्टर) ठरते. हे ग्राहक एलडीएलचे कण रक्तातून खेचून घेतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. हे ग्राहक कमी असणे किंवा मंद असणे बऱ्याच अंशी वारशाने येते. थायरॉइड कमी काम करत असेल तर एलडीएल वाढते आणि पाळी थांबण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण तुमच्याच वयात, ते आणखी वर सरकते. तुमच्या अहवालात तुमचा गुन्हा लिहिलेला नाही.

तरीही “सडपातळ” या शब्दापाशी मला थांबावेसे वाटते. तुमच्या कागदावर एलडीएलखेरीज तीन आकडे असे आहेत, ज्यांच्याकडे बहुधा कुणी तुमचे लक्ष वेधले नाही. ट्रायग्लिसराइड १५०च्या वर, एचडीएल स्त्रियांसाठी धरलेल्या ५०च्या खाली आणि उपाशीपोटीची साखर १००च्या पुढे. पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब आणि साखर या पाचांपैकी तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि वजनकाटा काहीही सांगत असला तरी तुमच्या तीन आजच भरतात. हात-पाय बारीक पण पोटाभोवती आणि यकृतात चरबी, ही ठेवण आपल्या लोकांमध्ये फार आढळते. म्हणून भारतीय स्त्रियांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० धरली आहे. शिवणकामाच्या टेपने आज घरीच मोजून पाहा. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातही दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, असे दिसले होते.

म्हणून १७२ हा आकडा एकटा पाहू नये. तुमच्या भावाला ५५व्या वर्षाच्या आत हृदयविकार झाला, वडील ५४व्या वर्षी अचानक गेले आणि वरच्या तीन गोष्टी सोबत आहेत. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, एलडीएल १७२च असलेल्या, पण घरात कुणालाही असा आजार नसलेल्या तीस वर्षांच्या सहकारी बाईंना मी वेगळा सल्ला देईन. सर्वसाधारण, कमी धोक्याच्या माणसाचे एलडीएल १००च्या खाली आणि मधुमेहासारखा मोठा धोका असलेल्याचे ७०च्या खाली असावे, असे तेच भारतीय मार्गदर्शन सांगते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरणारा आकडा, तुमच्या बाबतीत २०८, हाही तितकाच बोलका असतो. कमी धोक्याच्या माणसातही तो १३०च्या खाली असावा.

तीन महिने थांबणे चूक आहे का? तुमचा रक्तदाब फार चढलेला नाही, मधुमेह झालेला नाही, छातीत कधी दुखलेले नाही, असे असेल तर डॉक्टरांना सांगून तीन महिने मागणे अवाजवी नाही. पण ते डॉक्टरांना सांगून मागावे, चिठ्ठी पर्समध्ये ठेवून नव्हे. माझ्या अनुभवात धोका तीन महिन्यांत नसतो. तीन महिन्यांचे नकळत तीन वर्षे होतात, त्यात असतो. पुढच्या तपासणीची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहा आणि या काळात थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी, यकृत व मूत्रपिंडाच्या साध्या चाचण्या करून घ्या. आणखी एक तपासणी तुमच्यासारख्या घराण्यात मी आवर्जून सांगतो. ती म्हणजे एलपी-ए. हा एलडीएलचाच एक वारशाने येणारा, अधिक चिकट भाऊबंद आहे. आहाराने किंवा व्यायामाने तो फारसा बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी पुरते. भारतीयांमध्ये दर चौघांमागे सुमारे एकामध्ये तो वाढलेला आढळतो. तुमचाही वाढलेला निघाला, तर गोळीविषयीचा निर्णय बऱ्यापैकी स्पष्ट होईल. तरीही मन दोलायमान राहिले, तर हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. मात्र तो शून्य आला तरी मऊ गाठी त्यात दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

पथ्याचे म्हणाल, तर त्याने किती साधेल याचा अंदाज आधीच असलेला बरा. मनापासून केलेल्या आहारबदलाने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते, म्हणजे तुमचे १७२ चे १५०च्या आसपास येईल. हे कमी नाही, पण पुरेसेही नाही. तुम्ही अंडे खात नाही, त्यामुळे आहारातून येणारे कोलेस्टेरॉल आधीच थोडे आहे. शाकाहारी ताटात खरा प्रश्न संपृक्त चरबीचा आणि पिठूळ-गोड पदार्थांचा असतो. साजूक तुपातली निम्म्याहून अधिक आणि खोबरेलातली ८० टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते. बिस्किटे, खारी, टोस्ट, पाकिटातले फरसाण यांत बहुधा पामतेल किंवा वनस्पती तूप असते. जानेवारी २०२२पासून देशात तेल-तुपातील ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे खारी पथ्याची होत नाही. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत चहाबरोबर जे येते, ते एक आठवडा वहीत लिहून ठेवा. उपवासांकडेही पाहा. “एकादशी आणि दुप्पट खाशी” ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. साबुदाणा, बटाटा आणि गोड पदार्थ यांनी ट्रायग्लिसराइड नेमके वर जाते.

बदल मात्र आपल्याच स्वयंपाकातून करता येतात, परदेशी फळे मागवण्याची गरज नाही. रोज एक वाटी घट्ट वरण किंवा मटकी, हुलगे, मसूर यांची उसळ, पांढऱ्या भाताऐवजी भाकरी, जवसाची चटणी, पेरू किंवा सफरचंद सालीसकट, जेवणाआधी पाण्यातून दोन चमचे इसबगोल. यांतला विरघळणारा तंतू आतड्यात पित्तरसाला धरून बाहेर नेतो आणि तो नव्याने बनवण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. भाजी शेंगदाणा किंवा करडईच्या तेलात, पण मोजून करावी. तूप पूर्ण बंद करा असे मी सांगत नाही. पुरणपोळीवरचे तूप वर्षातून चार वेळा असते, रोजच्या पोळीवरचे ३६५ दिवस. चालणे आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने असावे, आणि त्यातले दोन दिवस स्नायूंना जोर देणारे व्यायाम असावेत. त्याने एलडीएल फारसे हलत नाही, पण साखर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि पोटाचा घेर हे चारही सुधारतात.

तुमच्यासारख्याच इतर भगिनींसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. तंबाखू खाता का असे विचारले की बायका ठामपणे नाही म्हणतात, आणि मशेरी लावता का असे विचारले की मान खाली घालून हो म्हणतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ती सोडल्याने जे मिळते, ते कुठल्याही गोळीने मिळत नाही.

आता गोळीची भीती. आयुष्यभर सुटत नाही, याचा अर्थ सवय लागते असा नाही. बंद केली की काही आठवड्यांत आकडा पूर्वीच्या जागी जातो, इतकेच. चष्मा काढला की अक्षरे पुन्हा धूसर होतात, पण त्याला आपण चष्म्याचे व्यसन म्हणत नाही. पहिले स्टॅटिन अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एका बुरशीतून शोधले आणि १९८७पासून ही औषधे वापरात आहेत. इतका दीर्घ अनुभव फार थोड्या औषधांच्या गाठीशी आहे. यकृतावर त्यांचा परिणाम असा होतो की तिथे कोलेस्टेरॉल बनणे मंदावते, म्हणून यकृत अधिक ग्राहक बाहेर काढून रक्तातले एलडीएल ओढून घेते. शंभरातल्या एखाद्याच्या चाचणीत यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि ती बहुधा मात्रा बदलल्यावर उतरतात. यकृताला गंभीर इजा होणे अतिशय विरळ आहे. साखर किंचित वाढते हे खरे आहे, आणि तुमची साखर काठावर असल्याने एचबीएवनसीवर लक्ष ठेवावे लागेल. पण झटके टळण्याचा लाभ त्याहून बराच मोठा असतो. गरोदरपणाचा विचार असलेल्या तरुण वाचकांनी मात्र डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

लाभ किती, हेही सांगतो. एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण साधारण एक-पंचमांशाने घटते. पथ्याने १५०वर आलेले एलडीएल मध्यम मात्रेच्या स्टॅटिनने ४० टक्के उतरले, तर ते ९०च्या आसपास येईल. केवळ गोळीने किंवा केवळ पथ्याने तुम्ही तिथे पोहोचणे अवघड आहे. मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरते, त्यामुळे गोळी घेऊन पथ्य सोडणे परवडत नाही. तुमची परिस्थिती पाहता, तीन महिन्यांनी एलडीएल १३०च्या वरच राहिले किंवा एलपी-ए वाढलेले निघाले, तर गोळी सुरू करावी, असे माझे मत आहे. अंतिम निर्णय तुमचा आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. सुरू केल्यानंतर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे.

या सगळ्या काळात छातीत दडपण, घाम, धाप, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात दुखणे असे काही झाले, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका. स्त्रियांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप आणि घाम एवढेच असू शकते. लगेच १०८ला फोन करा. माझ्या मामांनी रात्री दोनपासून पहाटेपर्यंत ओवा खाऊन वाट पाहिली होती, आणि ती रात्र आमच्या घरात अजून कुणी विसरलेले नाही.

शेवटी मुलीविषयी. दादांचा बायपासपूर्वीचा जुना अहवाल फाइलमधून काढा. त्यात गोळ्यांविना एलडीएल १९०च्या वर असेल, तर तुमच्या घराण्यात वारशाने येणारे उच्च कोलेस्टेरॉल असण्याचा संभव आहे. अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला ते असते आणि पालकाकडून मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुमचा स्वतःचा आकडा त्या पातळीचा नाही, तरीही मुलीची आणि दादांच्या मुलांची तपासणी एकदा व्हावी, कारण धमनीच्या भिंतीवर आकड्याइतकाच वर्षांचाही हिशोब लागतो. मुलगी सुट्टीत घरी आली की तिला घेऊन जा. पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर निघाले, तरच पुन्हा उपाशीपोटी रक्त द्यावे लागते. नाश्ता करून दोघी निघा, आणि वाटेत दादांच्या मुलांनाही सोबत घ्या.